‘मी नसलो तरी तुमचं भागेल’ असं ते म्हणाले, आणि बारा दिवसांनी लडाखला निघणार आहेत

पत्र: ताई, आम्ही अहमदपूर तालुक्यातले. आमचे हे फौजेत नाईक आहेत. सुट्टी संपायला बारा दिवस राहिलेत, मग लडाखला वर जायचंय. मागच्या पोस्टिंगला त्यांचा बडी, म्हणजे जोडीचा जवान, त्यांच्या डोळ्यांदेखत बर्फात गेला. तेव्हापासून झोप नाही, दचकून उठतात, लेकरांवर ओरडतात. मेडिकल टाकलेल्या मित्राकडून झोपेच्या गोळ्या आणून रोज घेतात, वर पण नेणार म्हणतात. परवा इन्शुरन्सचे कागद दाखवून म्हणाले, मी नसलो तरी तुमचं भागेल. डॉक्टरला दाखवा म्हणलं तर म्हणतात, कॅटेगरी लागेल, म्हणजे मेडिकलमध्ये दर्जा खाली जाईल, हवालदाराची बढती जाईल, पलटणीत तोंड दाखवता येणार नाही. कुणाला सांगितलंस तर तुझ्याशी बोलणार नाही. मी काय करू?

उत्तर: ताई, आधी कागदांचं बोलू. वर जाण्याआधी पासबुक, इन्शुरन्स, वारसाचं नाव घरी दाखवून ठेवणं ही फौजी माणसाची शिस्तच आहे. तेवढंच असतं तर घाबरू नका म्हणाले असते. पण झोप उडालेली, मित्राचं दुःख आत कोंडलेलं, आणि त्यात हे वाक्य. ते कानाआड करू नका. आज रात्री लेकरं झोपली की सरळ विचारा, ‘तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्यानं तो विचार मनात भरतो, ही भीती खरी नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. ‘हो’ म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका. दिराला, भावाला उठवा आणि तेव्हाच लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्या. उत्तर काहीही येवो, फवारणीचं औषध आणि त्या गोळ्या आजच दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात, कुलपात गेल्या पाहिजेत.

त्या गोळ्यांचं वाचून मला फार काळजी वाटली. उंचावर हवा विरळ, त्यामुळे झोपेत श्वास आधीच अडखळतो. झोपेच्या काही गोळ्यांनी तो आणखी मंदावतो, त्यावर दारू घेतली तर धोका फारच वाढतो. पण रोज घेतलेली गोळी एकदम तोडूही नका, काहींना त्यानं झटके येतात. पाकीट डॉक्टरांना दाखवा, कशी कमी करायची ते तेच सांगतील. तोवर ज्याच्याकडे ठेवल्यात त्यानंच रोजची गोळी हातात द्यावी.

आता कॅटेगरी. तिचा बढतीवर काहीच परिणाम होत नाही असं सांगून मी तुमची खोटी समजूत घालणार नाही. होऊ शकतो. पण ‘शेप’, म्हणजे फौजेच्या तब्येत तपासणीची जी पाच अक्षरं, त्यातलं पहिलंच अक्षर मनाच्या तब्येतीचं आहे. कान, हातपाय, डोळे यांच्यासारखंच फौज तेही तपासते. युनिटचे डॉक्टर मिलिटरी हॉस्पिटलच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात, ते उपचार करतात, गरज वाटली तर मेडिकल बोर्ड कॅटेगरी देतं. तात्पुरती कॅटेगरी पुन्हा तपासली जाते, सुधारणा झाली की ती वर जाते. वेळेवर सांगणाऱ्याला सावरायला वाव मिळतो. लपवून वर गेलेला माणूस पोस्टवर कोसळला तर त्याला खाली आणायला हेलिकॉप्टर लागतं, आणि हवा बिघडली तर तेही येत नाही.

तोंड दाखवण्याचं त्यांना त्यांच्याच भाषेत सांगा. नऊ हजार फुटांच्या वर जाताना विरळ हवेची सवय व्हावी म्हणून आधी सहा दिवस, मग पुढच्या दोन टप्प्यांवर चार-चार दिवस थांबावं लागतं. तिथं थांबणाऱ्या जवानाला कुणी भित्रा म्हणत नाही. रात्री त्यांच्या पहाऱ्याच्या भरवशावर बाकीचे झोपणार आहेत. तीन-तीन रात्री न झोपलेला संत्री त्या पोरांना चालेल का, हे त्यांनाच विचारा. माझ्या मते त्यांच्यासारख्या माणसाला बायकोच्या काळजीपेक्षा हा प्रश्न जास्त लागेल.

बारा दिवस कमी नाहीत. दोघं मिळून १४४१६ ला फोन करा. ही टेली-मानस सेवा सरकारची, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, हिचाच वेगळा कक्ष सुरू झाला. सुट्टीत लातूरला दाखवलं तर तिथले कागद सोबत द्या. नांदेडहून सचखंड एक्सप्रेस पकडण्याआधी, घरूनच त्यांनी ज्यांच्यावर विश्वास आहे अशा सुभेदार साहेबांना फोन करून ‘साहेब, मला एमआय रूमला (युनिटच्या दवाखान्यात) दाखवायचंय’ एवढं सांगावं. साहेबांशी जमत नसेल तर पलटणीतले पंडितजी, म्हणजे फौजेचे धर्मगुरू, आहेत, समुपदेशनाचं काम त्यांच्याकडेही असतं.

आणि त्यांनी यातलं काहीच केलं नाही, तर तुम्ही त्यांच्या कंपनी कमांडरांना फोन करा. चोरून नको. ‘मी उद्या दुपारी फोन करणार आहे, त्याआधी तुम्ही केलात तर मला करावा लागणार नाही,’ असं आधी सांगा. पण आजच्या प्रश्नाला ‘हो’ आलं असेल तर उद्याची वाट बघू नका. ते चिडतील, कदाचित काही दिवस बोलणारही नाहीत. तो अबोला सोसा. तेवढे दिवस कठीण जातील, म्हणून तुमच्या सासूला किंवा जावेला, जी जवळची असेल तिला, आत्ताच विश्वासात घ्या. १४४१६ वर तुम्ही स्वतःसाठीही बोलू शकता.