२०१९ ची बोजोले नूव्हो अजून पिता येईल का?

पिता येईल. तब्येतीची काळजी नको. प्रश्न चवीचा आहे.

तुम्ही लिहिलंय की पॅरिसहून भेट आलेली ही बाटली पुण्यात स्वयंपाकघरातल्या कपाटात इतकी वर्षं उभी होती, आणि घरचे म्हणतात, "वाइन जितकी जुनी तितकी चांगली." या वाइनला ते अजिबात लागू नाही. याच समजापायी माझी एक सुंदर बाटली वाया गेली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बोजोले हा फ्रान्समधल्या लियाँ शहराच्या उत्तरेकडचा डोंगराळ भाग, आणि तिथलं द्राक्ष गामे. तोडणी साधारण सप्टेंबरात होते आणि नूव्हो, म्हणजे त्याच वर्षीची नवी वाइन, नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी विक्रीला येते. म्हणजे वेलीपासून ग्लासापर्यंत जेमतेम दोन-अडीच महिने! त्यासाठी घड न चिरडता अख्खेच बंद टाकीत भरतात. आत कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो आणि आंबण्याची सुरुवात मण्याच्या पोटातच होते. त्यामुळे फळाचा वास भरभरून उतरतो, पण साली-बियांचा तुरटपणा फारसा येत नाही. रेड वाइन वर्षानुवर्षं टिकते ती बऱ्याच अंशी त्या तुरटपणाच्या जोरावर. नूव्होचं सगळं वैभव ताजेपणात आहे. ती पुढच्या उन्हाळ्याच्या आत संपवायची असते.

लियाँत शिकत होते तेव्हा घेतलेली एक बाटली मी आईबाबांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसासाठी चार वर्षं जपली होती. तिथे प्यायलेली नूव्हो मला आठवत होती: जांभळी, पिकलेल्या केळ्याच्या आणि रासबेरीच्या वासाची. ही ग्लासात ओतली, पांढऱ्या चादरीवर ग्लास तिरका धरला, तर कडेला विटेचा रंग. वास भिजलेल्या मनुकांचा. चव पातळ, मागे नुसता आंबटपणा. बाबांनी एक घोट घेतला, "छान आहे" म्हणाले आणि ग्लास हळूच बाजूला ठेवला. मला फार वाईट वाटलं. खराब नव्हती हो ती, फक्त तिची वेळ निघून गेली होती.

तुमच्या बाटलीने तर पुण्याचे एप्रिल-मे काढलेत, तेही गॅसजवळ. आधी बूच बघा. ते वर सरकलं असेल किंवा गळ्याशी चिकट ओघळ असेल, तर उष्णतेने वाइन फुगून बाहेर आली आहे. फार आशा धरू नका. तळाशी थोडा गाळ असला तर घाबरू नका. मग वास घ्या. व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा झणका आला तर सरळ ओतून द्या. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बुचाचा दोष आहे. अपाय नाही, पण पिववणार नाही. यातलं काही नसेल तर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून चाखा. नुसतीच उतरलेली वाटली तर मटणाच्या रश्श्यात घाला, तिथे ती कामी येते. व्हिनेगर झालेली मात्र रश्श्यातही नको.

आणि हो, लेबल एकदा नीट वाचा. त्यावर 'नूव्हो' नसून मोर्गाँ किंवा मूलाँ-आ-व्हाँ असं बोजोलेतल्याच एखाद्या खास भागाचं नाव असेल, तर द्राक्ष तेच असलं तरी ती वाइन वेगळी. चांगली असेल आणि नीट ठेवलेली असेल तर ती दहा वर्षंही टिकू शकते.