पेशीपटलातलं ‘पटल’

कराडला विज्ञान शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारलंय : “आठवीची पोरं ‘पेशीपटल’ आणि ‘पेशीभित्तिका’ यांत हटकून घोळ घालतात. पटल म्हटलं की त्यांना फळा नाहीतर मोबाइलचा स्क्रीन आठवतो. त्यापेक्षा सरळ ‘पापुद्रा’ म्हटलं तर?”

ताई, शब्द गोड आहे, पण नेमका इथंच दगा देतो. नखानं सोलून काचपट्टीवर पसरतो तो कांद्याचा पापुद्रा म्हणजे शेजारीशेजारी बसलेल्या अख्ख्या पेशींचा थर. पटल त्यातल्या एकेका पेशीचं वेगळं, भित्तिकेच्या आतून तिला वेढणारं, जाडी जेमतेम ७-८ नॅनोमीटर. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून दिसते ती रेघ भित्तिकेची.

पटल म्हणजे मुळात आच्छादन, पडदा. दृष्टिपटल, श्वासपटल यांत तोच अर्थ आहे. विधानसभेच्या ‘पटलावर’ कागद ठेवतात, ते पटल तेवढं डोक्यातून काढा. भित्तिका तर उघडउघड भिंत. दोन्हींतला फरक कोशिंबिरीत दिसतो. चोचवलेल्या काकडीला मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं. पेशीतलं पाणी पटलातून बाहेर पडतं, आतला ऐवज आक्रसतो आणि त्याच्यासोबत पटलही भिंत सोडून आत सरकतं. भिंत जागच्या जागी. हाच पुस्तकातला रससंकोच.

पटल असं सरकू शकतं, कारण ते मेदरेणूंचं आहे. १९२५ मध्ये गोर्टर आणि ग्रेंडेल या शास्त्रज्ञांनी तांबड्या रक्तपेशींतला मेद काढून पाण्यावर पसरला, तर पेशींच्या पृष्ठभागाच्या साधारण दुप्पट जागा भरली. म्हणजे थर दोन : रेणूंची पाणी आवडणारी डोकी पाण्याकडे, पाणी टाळणाऱ्या शेपट्या आत एकमेकींकडे. त्यात प्रथिनं तरंगतात, जागा बदलतात, हे चित्र सिंगर-निकोल्सन या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये मांडलं. वर्गात सांगताना मी ‘साय’ म्हणणार नाही, ‘तवंग’ म्हणेन. साय फाटली की फाटली. आमटीवरचा तवंग पळीनं तोडला तरी पुन्हा मिळून येतो. पटलही बारीक भोक आपलं आपण बुजवतं. अर्थात तवंगाला पाणी एकाच अंगाला, पटलाला दोन्हीकडून. म्हणून उपमा ठीक, नाव नको.

आपल्या वाईत घडलेल्या मराठी विश्वकोशात शोधायला गेलात तर ‘पेशी’ऐवजी ‘कोशिका’ खाली बघा, तिथं पेशीला तेच नाव आहे. संस्कृतात पेशी म्हणजे स्नायू, आपल्या ‘मांसपेशी’तली. तरी शाळेत ‘पेशी’च रुळली, आणि आता ती हलायची नाही.

एक खड्डा मात्र पुढं आहे. आठवीत पेशीपटलाला ‘निवडक्षम पारपटल’ म्हटलंय. काही पदार्थ पार होऊ देतं, काही अडवतं, म्हणून. दहावीत याच पोरांना नुसतं ‘पारपटल’ भेटेल, ते डोळ्याच्या पुढच्या भागावरचं पारदर्शक. तिथं पार होतो तो प्रकाश. आत्ताच सांगून ठेवा.