नोल्डेसारखं आभाळ रंगवायचंय? आधी एवढंच

जर्मन चित्रकार एमिल नोल्डेची (१८६७–१९५६) जलरंगचित्रं पाहून हात शिवशिवतायत ना? मग लागा कामाला!

- क्षितिज खाली ठेवा. जर्मनी-डेन्मार्क सीमेजवळचा त्याचा झेब्युलचा मुलूख सपाट. चित्रात राज्य आभाळाचं. नवशिके हमखास क्षितिजरेषा मधोमध ओढतात.
- कागद आधी ओला करा. तो शोषक जपानी कागद वापरायचा. तुम्ही ३०० ग्रॅमचा (दर चौरस मीटरला) जाड सुती कागद घ्या, साधा ड्रॉइंग पेपर सुरकुततो.
- रंग तीनच. वाळल्यावर फिकटतात, म्हणून थोडे गडदच लावा. दोन रंग भिडले की ब्रश उचला. घोटत बसलात की चिखल झालाच.

त्याचं चरित्रही वाचा. १९४१ मध्ये नाझी राजवटीने त्याच्यावर व्यवसायबंदी आणली खरी, पण तो स्वतः नाझी पक्षाचा सदस्य होता, हे चाहते गाळतात.

महागडे ब्रश नंतर बघू.