बोईंगच्या 787 या प्रवासी विमानाचे मोठाले भाग वाहून नेणाऱ्या ड्रीमलिफ्टर विमानात माल भरायला शेपूट का उघडतात? नाकाकडून का नाही?

कारण ड्रीमलिफ्टर बोईंगच्या 747 वरूनच बनवलंय, आणि 747 चं कॉकपिट वरच्या मजल्यावर आहे. साध्या मालवाहू 747 चं नाक कॉकपिटच्या खालून वर उचललं जातं, म्हणजे दाराची उंची कॉकपिटच्या तळापर्यंतच, तिथून 787 च्या धडाचं आख्खं नळकांडं आत जाणार कसं? एअरबसने बेलुगा या आपल्या मालवाहू विमानात कॉकपिटच खाली आणलं, बोईंगने तोंड तसंच ठेवून मागची बाजू बिजागरीवर घेतली. झालं.

पण या विमानावरून माझी एकाशी जुनी खुन्नस आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. मॉडेलच्या एका स्पर्धेत मी 1/144 चं ड्रीमलिफ्टर ठेवलं होतं. 747-400 चा तयार किट घेतला, पाठीवरचा फुगवटा पुट्टीने चढवला, तो घासून घासून बोटांची सालं निघाली, शेपटीला पितळी तारेची बिजागरी केली, ती खरंच उघडायची. आणि विंगलेट, म्हणजे पंखांच्या टोकाला वर वळलेले छोटे पंख, बोटाच्या पेराएवढे, मुद्दाम कापून टाकले. परीक्षक आले, शेपटीला हातही लावला नाही, म्हणे 747-400 ला विंगलेट असतात, तुम्ही लावायचे विसरलात. वर मोबाईलवर फोटो दाखवला, विंगलेटवाला! अहो, तो 2006 चा फोटो. ड्रीमलिफ्टरचं पहिलं उड्डाण सप्टेंबर 2006 मध्ये झालं तेव्हा होतेच ते, पण चाचण्यांत विमान नको तितकं थरथरायला लागलं म्हणून काढून टाकले, नंतर बोईंगची चारही ड्रीमलिफ्टर तशीच, विंगलेटशिवाय उडाली. हे मी तिथेच सांगितलं तर "नियम बघा" म्हणाले. मार्क कापले ते कापलेच.

ही चारही विमानं जुनी प्रवासी 747-400, तैवानमध्ये कापून-जोडून केलेली. आतली जागा साधारण 1,840 घनमीटर, आणि मालाच्या भागात हवेचा दाब ठेवतच नाहीत, दाबाचा भाग कॉकपिटच्या मागच्या भिंतीपाशीच संपतो. म्हणून शेपटीचा एवढा मोठा सांधा दाबासाठी हवाबंद करायची भानगडच नाही, मात्र उडताना माणूस मागे जाऊ शकत नाही. दिसायला बेढब आहे हे मान्य, बोईंगच्या साहेबांनी स्वतः 747 चे जनक जो सटर यांची गंमतीत माफी मागितली होती. पण बेढब आहे म्हणून चुकीचं आहे असं म्हणणाऱ्याने आधी आत काय न्यायचंय ते बघावं.

तुम्हीही मॉडेल करणार असाल तर कुठल्या वर्षाचं विमान ते पाटीवर ठळक लिहा, आणि परीक्षकाने तोंड उघडायच्या आत नंतरचा फोटो समोर धरा. बाकी विंगलेट नसलेलं प्रत्येक 747-400 ड्रीमलिफ्टर नसतं हां, जपानमधल्या देशांतर्गत उड्डाणांसाठी केलेल्या 747-400डी लाही ते नव्हते. ते त्या परीक्षकांना माहीत असेल असं वाटत नाही.