करसल्ला : नोटीस आल्यावर तुमच्या वतीने बोलायचं कुणी?

प्रश्न : मॅडम, मी निफाड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. घरची तीन एकर द्राक्षबाग आहे. सातबारा आम्हा तिघा भावांच्या नावावर, पण बाग मीच बघतो. २०२३-२४ मध्ये माझ्या बचत खात्यात १४ लाख ६० हजार रुपये रोख भरले गेले. शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं म्हणून ते मी कधी दाखवलं नाही, दरवर्षी पगारापुरतं आयटीआर-१ हे विवरणपत्र भरतो. आता आयकर खात्याची कलम १४३(२) ची तपासणीची नोटीस आणि पाठोपाठ १४२(१) ची प्रश्नावली आली आहे. भाचा बी.कॉम. आहे, तो म्हणतो, मामा, मी उत्तर टाकून देतो. गावातले एक सल्लागार म्हणतात, वरपर्यंत ओळख आहे, जेवढा कर वाचेल त्याच्या दहा टक्के द्या. सीए लावलाच पाहिजे का?

उत्तर : सर, घाबरू नका, पण भाच्याला आजच थांबवा.

कायद्याने सीए लावायची सक्ती नाही. उत्तर तुम्ही स्वतः देऊ शकता. आयकर कायदा १९६१ च्या कलम २८८ प्रमाणे तुमच्या वतीने कोणत्याही नात्यातला माणूस, तुमचा नेहमीचा पगारी नोकर, वकील, सीए, इतकंच काय, वाणिज्य किंवा कायद्याची पदवी घेतलेला माणूसही उभा राहू शकतो. म्हणजे भाचा नात्यानेही बसतो आणि पदवीनेही. त्याला फक्त तुमचं सहीचं अधिकारपत्र लागेल. अपवाद एकच : कलम १३१ खाली शपथेवर जबाब द्यायला तुम्हालाच बोलावलं, तर बदली माणूस चालत नाही. (नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे, पण तुमचं वर्ष जुन्याच कायद्यात मोडतं.)

तरीही तुम्ही या कामातला अनुभवी माणूस लावा, असं मी आग्रहाने सांगते. तुमच्या पत्रातच तीन गाठी आहेत आणि पहिल्या उत्तरात त्या चुकीच्या पद्धतीने उलगडल्या तर पुढे सोडवता येत नाहीत.

एक तर आयटीआर-१ मध्ये पाच हजारांपर्यंतचंच शेती उत्पन्न चालतं. त्यापुढे आयटीआर-२ भरावा लागतो, कारण शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी पगारावरच्या कराचा दर ठरवताना ते मोजलं जातं. तेव्हा फॉर्म चुकला हे कबूल करायचं, फरकाच्या कराचा हिशोब आपणहून मांडायचा आणि मग रोख रकमेचा खुलासा करायचा. हा क्रम महत्त्वाचा आहे. दुसरं, सातबाऱ्यावर तीन नावं आहेत, मग हे उत्पन्न कुणाचं? भावांचा वाटा त्यांना दिला का, की वाटेकरी म्हणून तुम्हीच कसता? भावांची प्रतिज्ञापत्रं लागतील आणि त्यात लिहिलेलं त्यांच्या स्वतःच्या विवरणपत्रांशी जुळलं पाहिजे.

तिसरी गाठ सगळ्यात धोक्याची. आपल्याकडे द्राक्षाचा सौदा बागेतच होतो. काटा झाला की व्यापारी चिठ्ठी देतो आणि पैसे रोख. भाचा सरळ मनाने लिहून मोकळा होईल की व्यापाऱ्याने एकदम चार लाख रोख दिले. पण एका माणसाकडून एका दिवसात किंवा एका व्यवहारापोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कलम २६९एसटी ने मना आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढाच. एक प्रश्न मिटवताना दुसरं प्रकरण उभं राहतं. इथे खोटं लिहायचं नाही, हे मी ठासून सांगते. जे घडलं तेच लिहायचं. पण रोख का घ्यावी लागली याचं सबळ कारण पटवता आलं तर हा दंड माफ होऊ शकतो, तेव्हा त्या कारणाचा पुरावा आधी हातात ठेवून मगच लिहायचं. जाणकार माणूस लावायचा तो यासाठी.

आता उत्तर कसं लिहिलं जातं ते सांगते. हल्ली तपासणी फेसलेस, म्हणजे समोरासमोर न भेटता ऑनलाइन असते. तुमची फाईल पाहणारा अधिकारी देशात कुठेही बसलेला असेल. त्याला निफाड माहीत नाही. एप्रिलमध्ये खात्यात तीन लाख आणि जून ते डिसेंबर काहीच नाही, हे त्याला संशयास्पद दिसणार. त्याला सांगावं लागतं की ऑक्टोबर छाटणीचा माल जानेवारी ते एप्रिल निघतो. एप्रिल २०२३ चा भरणा आदल्या छाटणीचा आहे आणि फेब्रुवारी-मार्च २०२४ चा त्या वर्षीच्या छाटणीचा. मग तारीखवार तक्ता : काटा चिठ्ठी, व्यापाऱ्याचं नाव, वजन, भाव, रोख मिळाल्याची तारीख, बँकेत भरल्याची तारीख. सोबत सातबारा, आठ-अ, ई-पीक पाहणीची नोंद, औषधांची आणि खतांची बिलं, सोसायटीच्या पीककर्जाचा उतारा, फळपीक विम्याच्या हप्त्याची पावती. हे सगळं मराठीत असतं, म्हणून प्रत्येक कागदाचं इंग्रजी भाषांतर जोडा. सातबाऱ्यावरचा ‘द्राक्ष’ हा शब्द त्या अधिकाऱ्याला वाचता आला नाही, तर तो कागद लावून उपयोग काय?

खुलासा पटला नाही तर रक्कम कलम ६९ए खाली, म्हणजे खुलासा न झालेला पैसा म्हणून, धरली जाते. त्यावर तुमच्या वर्षाला कर ६० टक्के, अधिभार आणि उपकर मिळून ७८ टक्के. १४ लाख ६० हजारांवर ७८ टक्के, सर! करमुक्त उत्पन्नावर. म्हणून मी फीचा विचार नंतर करा म्हणते.

फीचं म्हणाल तर टक्केवारी मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. निकालावर अवलंबून फी घ्यायला सीएंना त्यांच्या आचारसंहितेने बंदी आहे, वकिलांनाही बार कौन्सिलच्या नियमांनी. आणि ‘वरपर्यंत ओळख’ कुणाशी? अधिकारी कोण हे तुम्हालाही कळत नाही, त्यालाही नाही. ज्याला नेमाल त्याच्याशी लेखी ठरवा : काम मूल्यांकन आदेशापर्यंतच की अपिलासकट, व्हिडिओ सुनावणी धरून की वेगळी. सीए असेल तर त्याचा सदस्यत्व क्रमांक विचारा, सीएंच्या संस्थेच्या, आयसीएआयच्या, संकेतस्थळावर पडताळता येतो. आणि मुख्य म्हणजे तपासणीची प्रकरणं हाताळली आहेत का ते विचारा. विवरणपत्रं भरणारे पुष्कळ आहेत, हे काम निराळं.

आयकर पोर्टलचा पासवर्ड कुणालाही देऊ नका. पोर्टलवर नोटिशीला उत्तर देतात त्या ई-प्रोसीडिंग्जमध्ये अधिकृत प्रतिनिधी जोडायची सोय आहे, तो स्वतःच्या लॉगिनने काम करेल. वेळ कमी पडत असेल तर तिथेच मुदतवाढ मागा, पण मुदत उलटायच्या आत. उत्तर नुसतं टाळलं तर प्रत्येक वेळी दहा हजार रुपये दंड बसू शकतो. आणि प्रतिनिधीने लिहिलेलं प्रत्येक उत्तर जाण्याआधी स्वतः वाचा. बाग तुमची आहे. कोणत्या व्यापाऱ्याने कधी पैसे दिले हे सीएला कुठून माहीत असणार?

प्रश्न : मी पुण्यात राहते, वय ६८. दोन वर्षांपूर्वी फ्लॅट विकला. आता थेट आयकराच्या मोठ्या रकमेची मागणी आली आहे. मला एकही नोटीस मिळाली नाही. नंतर कळलं की पोर्टलवर जुन्या करसल्लागारांचा ईमेल आणि मोबाईल होता, आणि त्यांनी काम बंद केलंय.

उत्तर : ताई, हे फार घरांत होतं आणि मला त्याचा राग येतो. ग्राहकाच्या खात्याला स्वतःचा ईमेल जोडून ठेवणं ही सोय सल्लागाराची, नुकसान ग्राहकाचं. आज पहिलं काम, प्रोफाइलमध्ये स्वतःचा मोबाईल आणि ईमेल घाला. मग आदेशावरचा दस्तऐवज ओळख क्रमांक पोर्टलवर तपासून आदेश खरा असल्याची खात्री करा.

उत्तर न आल्यामुळे कलम १४४ खाली एकतर्फी आदेश झाला असणार. अपील फॉर्म ३५ मध्ये, ३० दिवसांत. मुदत गेली असेल तर विलंबमाफीचा अर्ज त्यासोबतच द्या, आणि सल्लागारांचा ईमेल प्रोफाइलला असल्याचा पुरावा जोडा. अपिलाची फी जास्तीत जास्त एक हजार आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून आयुक्त (अपील) असा एकतर्फी आदेश रद्द करून प्रकरण पुन्हा मूल्यांकनाला पाठवू शकतात. तुमच्या प्रतिनिधीने तेच मागावं, कारण फ्लॅटच्या खरेदीची आणि सुधारणांची कागदपत्रं अजून कुणी पाहिलेलीच नाहीत. वसुली थांबवायचा अर्ज मात्र वेगळा करावा लागतो. साधारणपणे मागणीच्या २० टक्के भरल्यावर अपिलाचा निकाल लागेपर्यंत स्थगिती मिळते. नुसतं अपील केलं म्हणून वसुली थांबत नाही.

प्रश्न : सांगलीत आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. जीएसटीच्या ऑडिटची नोटीस आली आहे. मुनीमजींना पाठवलं तर चालेल का?

उत्तर : चालेल. जीएसटी कायद्याच्या कलम ११६ मध्ये नियमित कर्मचारी, नातेवाईक, वकील, सीए, कॉस्ट अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी आणि जीएसटी प्रॅक्टिशनर हे सगळे येतात. शपथेवर जबाबासाठी बोलावलं तर मात्र मालकालाच जावं लागेल. कलम ६५ खाली ऑडिट असेल तर किमान १५ कामकाजाचे दिवस आधी कळवावं लागतं, तेवढ्यात मुनीमजींना २बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणारा क्रेडिटचा तक्ता) आणि खरेदीची वही महिनावार जुळवायला बसवा. फरक निघाला तर त्यांच्यासोबत सीएलाही पाठवा. मुनीमजींना माल आणि बिलं पाठ असतात, क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) का घेतलं याचं कायदेशीर उत्तर सीएने द्यावं.