एफडी मोडण्याआधी भिशीचं सांगा

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा एफडीच्या प्रश्नासाठी आणि दुसऱ्यांदा अगदी शेवटी, सहीच्या वर घाईघाईत लिहिलेल्या दोन ओळींसाठी. त्या ओळींकडे मी सावकाश येणार आहे, कारण माझं उत्तर तिथेच अडकलंय.

इतर वाचकांसाठी पत्राचा गोषवारा देते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. नाशिकचं जोडपं. नवरा औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत, हातात ४८,००० रुपये. ताई खाजगी शाळेत शिक्षिका, पगार २२,०००. मुलगा चौथीत, ताईंच्याच शाळेत, त्यामुळे फीमध्ये सवलत. घरात सासूबाई. फ्लॅटचं कर्ज २१ लाख शिल्लक, व्याज ९.१ टक्के, अजून १६ वर्षं, हप्ता २०,८००. वैयक्तिक कर्ज २ लाख ६० हजार शिल्लक, १४.५ टक्क्यांनी, २८ हप्ते बाकी, हप्ता ११,०००. आणि नवऱ्याच्या क्रेडिट कार्डावर १ लाख ३८ हजार, जे ताईंना थेट दिवाळीत कळलं. त्यावर ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे कमीत कमी भरावीच लागणारी रक्कम, म्हणून दरमहा ७,००० जातात. एसटीतून निवृत्त झाल्यावर वडिलांनी ताईंच्या नावावर ३ लाखांची एफडी केली होती. ६.७५ टक्के व्याज, मुदत संपायला १४ महिने. नवऱ्याचं म्हणणं, ही एफडी मोडून गृहकर्जात भरू, डोक्यावरचा मोठा बोजा हलका होईल. ताईंचा प्रश्न: मोडू का? नाही म्हटलं तर ‘तुझं-माझं करते’ असं होईल.

आधी तुमच्या यजमानांच्या बाजूने बोलते, कारण त्यांचं गणित कच्चं नाही. आज ३ लाख भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर १९२ हप्त्यांचं कर्ज साधारण १४१ हप्त्यांत फिटतं. सव्वाचार वर्षं वाचली, म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास हप्ते वाचले. हा आकडा मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दिसला की कुणालाही मोह पडेल. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरायला दंडही नसतो. पण यात एक खोच आहे. ते ५१ हप्ते वाचणार ते शेवटचे. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला बँक २०,८०० रुपयेच कापणार. वडिलांचे तीन लाख गेलेले असतील आणि महिन्याची ओढाताण जशीच्या तशी असेल.

आता कार्ड बघा. तुम्ही पाठवलेल्या स्टेटमेंटवर व्याज महिन्याला ३.६ टक्के आहे. १ लाख ३८ हजारांवर ४,९६८ रुपये व्याज, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, एकूण ५,८६२. तुम्ही भरता ७,०००. म्हणजे मुद्दलात जातात जेमतेम अकराशे. आणि त्याच महिन्यात कार्डावर साधारण ४,८०० रुपयांची नवी खरेदी होते: पेट्रोल, किराणा, आईंची औषधं. जुनी बाकी डोक्यावर असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. सगळं धरलं तर ७,००० भरूनही हे कर्ज दर महिन्याला साडेतीन हजारांहून जास्त वाढतंय. वर्षाचं व्याज सत्तर हजार. तेवढेच १ लाख ३८ हजार गृहकर्जात भरले असते तर वर्षाला वाचले असते साडेबारा हजार. जखम पायाला आणि मलम डोक्याला, असं चाललंय.

मग हे ४,८०० दर महिन्याला कमी का पडतात?

इथे तुमच्या त्या दोन ओळी येतात. “भिशीचं त्यांना माहीत नाही. पगार १७,००० च सांगितलाय.” शाळेच्या स्टाफरूममधली भिशी, २० जणी, महिन्याला ५,०००, चिठ्ठी टाकून. १५ झाल्या, तुमची अजून लागलेली नाही.

तुमच्या यजमानांच्या वहीत घरात येतात ६५,०००. हप्ते आणि कार्ड मिळून जातात ३८,८००. उरतात २६,२००. घरखर्च तुम्हीच लिहिलाय, ३१,०००. तूट ४,८००. तुमच्या वहीत मात्र दर महिन्याला ५,००० बाजूला पडतायत. ही दोन पानं शेजारी ठेवा. पंधरा महिन्यांत तुम्ही भिशीत ७५,००० घातलेत आणि जवळपास तेवढाच घरखर्च त्यांनी कार्डावर ढकललाय. भिशीला व्याज शून्य, कार्डाला जीएसटी धरून वर्षाला पन्नास टक्क्यांच्या घरात. ताई, कठोर वाटेल, पण तुमची भिशी त्यांच्या कार्डावर चालली आहे.

सगळा दोष तुमच्या पदरात टाकत नाही. सासूबाईंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनपासून कार्ड वाढलं, हे तुम्ही लिहिलंय, आणि त्यांनी ते दीड वर्ष लपवलं. बायकांनी चार पैसे बाजूला टाकण्यामागे काय काय असतं, हे मी समोर बसलेल्या कित्येक जणींकडून ऐकलंय. कर्ज लपवणं आणि बचत लपवणं मी एका तराजूत तोलणार नाही. पण महिनाअखेरच्या हिशेबाला त्यातला फरक कळत नाही. माझ्याकडे जोडपं आलं की मी दोघांना वेगवेगळे कागद देते आणि एकमेकांचं न बघता येणं-देणं लिहायला सांगते. कागद अदलाबदल केले की खोलीत जी शांतता होते ना, ती मला आता पाठ झालीय. बहुतेक वेळा दोन्हीकडे काहीतरी निघतंच: इकडे मित्राला दिलेले उसने, तिकडे बचत गटाचं कर्ज.

म्हणून एफडीचं उत्तर असं: मोडू नका, आणि गृहकर्जात तर नकोच. एफडी तारण ठेवून बँकेतून ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत लागतील तेवढे पैसे उचलायची सोय. साधारण ९० टक्क्यांपर्यंत मिळतो, व्याज एफडीच्या दरापेक्षा बहुधा एक टक्का जास्त. तुमच्या बाबतीत ७.७५ धरू. १ लाख ३८ हजार उचला आणि कार्ड एका फटक्यात बंद करा. महिन्याचं व्याज ५,८६२ वरून ८९१ वर येतं. एफडी तुमच्याच नावावर राहते आणि तिचं व्याजही चालू राहतं. मोठा फायदा निराळाच आहे. ओव्हरड्राफ्टला ठरलेला हप्ता नसतो, हाताला सुचेल तसं भरता येतं.

सुरुवातीला दरमहा २,००० च भरा. एवढे कमी का, असं वाटेल. खरा पगार धरून येणं ७०,०००. त्यातून गृहकर्ज, वैयक्तिक कर्ज, भिशीचे ५,००० आणि हे २,००० वजा केले की उरतात ३१,२००. तुमचा घरखर्च ३१,०००. पहिल्यांदाच तोंडमिळवणी होते आणि कार्ड काढायची वेळ येत नाही. उत्साहाच्या भरात सात हजार भरायला गेलात तर २२ तारखेला पुन्हा कार्ड बाहेर येईल, हे मी लिहून देते. पाच महिन्यांत तुमची भिशी लागेलच. तोवर ओव्हरड्राफ्ट साधारण १ लाख ३२ हजारांवर असेल. भिशीचा एक लाख त्यात टाकायचा. राहिलेल्या बत्तीस हजारांना, भिशी संपल्यावर सुटलेले ५,००० धरून, महिन्याला ७,००० द्या. पाच महिन्यांत खातं निल. आजपासून दहा महिने, आणि तुमची एफडी अखंड, मोकळी. भिशी आधीच्या चिठ्ठीत लागली तरी उरलेले हप्ते भरावेच लागतील, ते विसरू नका. आणि ही संपली की नव्या भिशीत लगेच नाव घालू नका. मैत्रिणी रुसतील, रुसू दे. अशा भिशीची कुठे नोंदणी नसते, उद्या एखादीने पैसे अडवले तर दाद कुणाकडे मागणार?

कार्ड बंद करताना स्टेटमेंटवरचा आकडा भरून मोकळे होऊ नका. स्टेटमेंटची तारीख आणि भरण्याची तारीख यांमधल्या दिवसांचं व्याज पुढच्या महिन्यात डोकं वर काढतं. फोन करून त्या दिवशीची पूर्ण बाकी विचारा, भरा आणि मग बंद करण्याचा लेखी अर्ज करा. बाकी शून्य असेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे, उशीर केला तर दिवसाला ५०० रुपये दंड तिने तुम्हाला द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मध्येच ‘एवढे भरा, बाकी सोडून देतो’ असा ‘सेटलमेंट’चा फोन आला तर नको म्हणा, तो शेरा सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, वर्षानुवर्षं राहतो.

वैयक्तिक कर्जाला हात लावू नका. १४.५ टक्के टोचतात खरे. पण उरलेल्या २८ हप्त्यांत एकूण व्याज ४८,००० आहे आणि आज फेडायला गेलात तर ३ टक्के शुल्क नि जीएसटी मिळून ९,२०० जातील, शिवाय तेवढी रक्कम आणायची कुठून? दीड वर्षाने हातात पैसे येतील तेव्हा वाचण्यासारखं व्याजच फारसं उरलेलं नसेल. चालू दे.

गृहकर्जाचं मात्र एक काम या आठवड्यात करा, आणि ते यजमानांना करू द्या, कारण कर्ज कमी करण्याची तळमळ त्यांची आहे. २०२५ या एका वर्षात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. तुमचा दर अजून ९.१ वर बसलाय, म्हणजे कर्ज रेपोला जोडलेलं नसावं, किंवा जुन्या ग्राहकाला कर्ज देणारे विसरले असावेत. कर्जाच्या शाखेत जाऊन दोनच प्रश्न विचारायचे: आमचा दर कशाला जोडलाय, आणि आज नव्या ग्राहकाला काय दर देता? थोडं शुल्क घेऊन दर बदलून देतात. ऐकलं नाही तर कर्ज दुसऱ्या बँकेत हलवायची तयारी दाखवा. दर ८.१ झाला तर पहिल्या वर्षी २१,००० रुपयांच्या आसपास व्याज वाचतं. तीन लाख भरून वर्षाला वाचणार होते २७,०००. म्हणजे एफडी मोडून जे मिळणार होतं त्यातलं बहुतेक एका अर्जावर मिळतंय. एरवी मी मुदत कमी करून घ्या म्हणते. तुम्ही यावेळी हप्ता कमी करून घ्या. साडेबाराशे रुपये महिन्याला सुटतील आणि तुम्हाला आत्ता श्वास हवाय. वर्षाचे मोठे खर्च, म्हणजे दिवाळी, लग्नाचे आहेर, गाडीचा विमा, हे त्यांच्या बोनसमधूनच भागवायचे. तो बोनस कुठल्याही कर्जात घालू नका.

पुढे घर कसं चालवायचं? एक सामायिक खातं काढा, सगळे हप्ते आणि घरखर्च त्यातून. दोघांनी निम्मे-निम्मे घालायचे नाहीत, पगाराच्या प्रमाणात घालायचे. ४८ आणि २२ मध्ये निम्मेपणा हा अन्याय आहे. त्याआधी दोघांनी हजार-हजार रुपये स्वतःकडे ठेवायचे, ज्याचा हिशेब कुणी कुणाला मागणार नाही. ३१,००० मधून ही दोन हजारांची जागा काढावी लागेल. बाहेरचं खाणं तुम्ही ३,२०० लिहिलंय, तिथून निघेल. हे हजार रुपये मला फार महत्त्वाचे वाटतात. लपवून पैसे ठेवायची गरज बऱ्याचदा अशा हक्काच्या हजार रुपयांअभावी पडते.

‘तुझं-माझं’ होईल, ही तुमची भीती. वडिलांनी मुलीला दिलेलं धन हे स्त्रीधन असतं. ते पती-पत्नीचं सामायिक होत नाही, अडचणीत नवऱ्याने वापरलं तर परत करण्याची नैतिक जबाबदारी त्याच्यावर राहते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा एकदा सांगितलंय. हे त्यांच्यासमोर वाचून दाखवू नका, तुमच्या मनाला बळ म्हणून सांगितलं. त्यांच्यासमोर एवढंच म्हणा की माझ्या एफडीवर आपण दोघांनी मिळून उचललंय आणि दोघांनी मिळून फेडायचंय.

विम्याचं लवकर आटपते. यजमानांचा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा, नाही आणि डोक्यावर २१ लाखांचं घर. भिशी लागल्याच्या पुढच्याच महिन्यात घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही. अर्ज भरताना विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली घ्यायचाय, असं सांगा. मग पैसे तुमचे आणि मुलाचे, धनको त्यावर हक्क सांगू शकत नाही.

राहिला प्रश्न सांगायचा कसा. रविवारी सकाळी, सासूबाई देवळात गेल्या की. आधी तुमचा कागद ठेवा, त्यांच्या कार्डाचा विषय न काढता. पगार २२,०००, भिशी ५,०००, इतके महिने. कारणही सांगा, जे असेल ते. ते चिडतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. पण बँकेत ओव्हरड्राफ्टच्या कागदावर सही करायला जाण्याआधी हे झालंच पाहिजे, कारण भिशीचा एक लाख कुठून उगवला, हे पाच महिन्यांनी समजावत बसणं याहून अवघड जाईल.

आणि एफडीच्या पावतीचा फोटो पाठवा. ती पाच वर्षांची कर-बचतीची असेल तर तारण ठेवता येत नाही. तसं असेल तर तुमच्या सात तोळ्यांपैकी दोन-अडीच तोळ्यांवर बँकेचं सोनेतारण कर्ज काढू. आकडे थोडे हलतील, बाकी सगळं हेच.