देणगी वेगळी, देणं वेगळं

वाचकांचे प्रश्न, हिशेबनिसाची उत्तरं

प्रश्न : ताई, मी कराडचा, बँकेतून निवृत्त. गेल्या वर्षी सहा महिने मुलाकडे होतो, शिकागोजवळ एव्हन्स्टनला. तिथली नगरपालिका कृष्णवर्णीय रहिवाशांना जुन्या अन्यायाची भरपाई म्हणून प्रत्येकी 25 हजार डॉलर देते, हे ऐकून थक्क झालो. पण मुलाचे शेजारी म्हणाले, अशा मोहिमा देशभर बड्या फाउंडेशनांच्या पैशावर चालतात. मला ते रुचलं नाही. चळवळ लोकवर्गणीतून चालावी. श्रीमंतांच्या पैशावर हक्क मागायचा, म्हणजे भाड्याचे वऱ्हाडी आणल्यासारखं नाही का?

उत्तर : काका, ‘भाड्याचे वऱ्हाडी’ वाचून आधी हसले, मग जरा लागलंच. त्या वऱ्हाडाची वही बावीस वर्षं माझ्याकडे होती. शिकागोच्या दक्षिण भागातल्या लहानसहान संस्थांचे हिशेब लिहिणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. पावत्या, पगार, वर्षअखेरचं ऑडिट. तेव्हा तत्त्वाचं राहू द्या, वहीतलं सांगते.

आधी एक दुरुस्ती. एव्हन्स्टनचे ते 25 हजार कुठल्या फाउंडेशनचे नाहीत, नगरपालिकेच्या तिजोरीतले आहेत. इलिनॉय राज्यात 1 जानेवारी 2020 पासून गांजाची खुली विक्री कायदेशीर होणार होती. त्याच्या तोंडावर, नोव्हेंबर 2019 मध्ये, नगरसेविका रॉबिन रू सिमन्स यांच्या पुढाकाराने ठराव झाला की गांजावरच्या कराचे पहिले 1 कोटी डॉलर भरपाईला जातील. गांजाच का? तर त्याच्यापायी वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त धरपकड झाली ती कृष्णवर्णीय पोरांची. आणि भरपाई कशाची, हे तुम्हाला बँकेतला माणूस म्हणून लगेच कळेल. 1919 ते 1969 या काळात ठरावीक वस्तीबाहेर त्यांना दलाल घर दाखवत नसत, बँका कर्ज देत नसत, आणि नगरपालिकेचे नियमही त्याला हातभार लावत. जानेवारी 2022 मध्ये पहिली 16 माणसं निवडली, तीही सोडत काढून. मला म्हाडा आठवलं. वय झालेल्या माणसांच्या हक्काची चिठ्ठी काढायची, हे मला आजही पटत नाही. असो.

मग देणगीचा पैसा लागतो कुठे? कागदाला. पन्नास वर्षांपूर्वी कर्ज नाकारलं हे सिद्ध कसं करणार? शोअरफ्रंट नावाचा एव्हन्स्टनच्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा संग्रह डिनो रॉबिन्सन यांनी उभा केला. ते आणि तिथल्या इतिहास केंद्राच्या जेनी थॉम्पसन यांनी मिळून नगरपालिकेसाठी जुन्या धोरणांचा अहवाल लिहिला, आणि भरपाईच्या योजनेला आधार मिळाला तो त्याचा. असलं काम हौसेने सुरू होतं, पण हौसेवर तडीला जात नाही. कपाटं लागतात, स्कॅनर लागतो, महिन्याच्या महिन्याला पगार घेणारं माणूस लागतं.

आता माझ्या वहीतली, भरपाईच्या मोहिमेतली एक संस्था. नाव नको. चर्चच्या तळघरात दर मंगळवारी संध्याकाळी बैठक. खजिनदार बाई टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक निळा गोल पत्र्याचा डबा होता. बैठक संपली की डबा फिरायचा. कुणी 5 डॉलर टाकायचं, कुणी 1. त्या नोटा सरळ करून, रबर लावून, चिठ्ठीवर आकडा लिहून बाई माझ्या हातात द्यायच्या. दुसरीकडे एका मोठ्या फाउंडेशनचं 40 हजार डॉलरचं अनुदान. त्याच्या पत्रात अट होती की यातला एकही डॉलर कायदा करून घेण्यासाठी आमदारांच्या भेटीगाठींवर खर्चायचा नाही. ही कुणा साहेबाची लहर नव्हे. अमेरिकेत करमाफी घेणाऱ्या खासगी फाउंडेशनला त्या कामासाठी म्हणून पैसे देताच येत नाहीत.

आणि मोहीम तर कायद्यासाठीच! राज्याची राजधानी स्प्रिंगफील्ड, शिकागोहून बसने साडेतीन तास. तेव्हा संशोधकाचा पगार, झेरॉक्स, तळघराचं भाडं अनुदानातून. बस मात्र डब्यातून. मी वहीत दोन रकाने पाडले होते. एकदा बसमधल्या सँडविचचं बिल माझ्या हातून अनुदानाच्या रकान्यात पडलं. 61 डॉलर. बाईंनी फोन करून मला बोलावून घेतलं, बिलावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “सँडविच डब्यातलं आहे.” पुढे अर्धा तास आम्ही दोघी ती दोन पानं खोडून पुन्हा लिहीत बसलो.

तर काका, वऱ्हाड भाड्याचं नव्हतं. मांडव भाड्याचा होता.

मांडववाला मात्र मांडव कधी उतरवेल याचा नेम नाही, ही तुमची शंका मी मान्य करते. त्याच फाउंडेशनचा दुसरा हप्ता सात महिने आला नाही. विचारलं तर गोड भाषेतलं पत्र आलं, ‘प्राधान्यक्रमांचा फेरविचार सुरू आहे.’ तोवर संशोधक मुलगा दुसरी नोकरी धरून गेला, आणि अर्धवट नोंदवलेली जुनी खरेदीखतं खोक्यांत तशीच राहिली. आता तर देणारे आणखी दबकून आहेत. अटलांटाचा फिअरलेस फंड कृष्णवर्णीय बायकांच्या छोट्या धंद्यांना 20 हजार डॉलर द्यायचा. 2024 मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने ती योजना रोखली. आणि रोखली कशाच्या आधारावर? गुलामीतून सुटलेल्यांच्या रक्षणासाठी, करार करताना वंशभेद नको म्हणून 1866 साली झालेल्या कायद्याच्या.

पण म्हणून वर्गणी सुरक्षित, असंही समजू नका. टेनेसीत गुलामीत जन्मलेल्या कॅली हाउस या धोबीणबाईंनी 1890 च्या दशकात, गुलामीत राबलेल्यांना पेन्शन मिळावं म्हणून संघटना बांधली. ती सगळी गरिबांच्या नाण्यांवर चालायची, एकही धनाढ्य पाठीशी नाही. सरकारने धरलं ते नेमकं नाण्यांवरूनच. मिळण्याची शक्यताच नसलेल्या पेन्शनच्या नावाने टपालातून पैसे उकळता, असा ठपका ठेवून 1917 मध्ये बाईंना तुरुंगात पाठवलं. टपालवाल्या खजिनदार बाईंना ही गोष्ट तोंडपाठ होती. डब्याच्या पै-पैची चिठ्ठी त्या का ठेवत, ते मला फार उशिरा कळलं.

म्हणून पैसा कुणाचा यापेक्षा तो कशाच्या बदल्यात येतो, हे मी आधी बघते. डिकॉलनायझिंग वेल्थ प्रोजेक्ट ही एडगर व्हिलानुएव्हा यांची संस्था. ते स्वतः लंबी या मूळनिवासी जमातीचे. त्यांनी 2023 मध्ये भरपाईच्या मोहिमांसाठी पाच वर्षांत 2 कोटी डॉलर उभे करून वाटायचं जाहीर केलं. हा पैसा मागणी करणाऱ्यांना बळ देण्यासाठी आहे, माझी हरकत नाही. आणि खरं सांगू का, फाउंडेशनच्या गंगाजळीवर सरकारने कर सोडलेला असतो. म्हणजे तो पैसा पुरता त्यांचाही नाही.

माझी हरकत तल्साच्या बाबतीत आहे. ओक्लाहोमातल्या या शहरात 31 मे आणि 1 जून 1921 ला गोऱ्या जमावाने ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती जाळली, घरादुकानांचे सुमारे 35 ब्लॉक बेचिराख केले. त्यातून वाचलेल्या तिघांना 2022 मध्ये एका दानशूर जोडप्याच्या संस्थेने मिळून 10 लाख डॉलर दिले. मदत म्हणून मी त्यांना हात जोडते. जून 2024 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वाचलेल्यांचा दावा फेटाळला. पुढच्याच वर्षी महापौर मन्रो निकल्स यांनी 10 कोटी 50 लाख डॉलरच्या ट्रस्टची घोषणा केली. घरांसाठी, वारसा जपण्यासाठी, जमिनींसाठी. पण निधी खासगी देणग्यांतून उभा करायचा, आणि घोषणेच्या वेळी हयात असलेल्या दोघींच्या हातात रोख काही नव्हतं. निकल्स यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. त्यांना जे जमणार होतं ते त्यांनी केलं असेल. पण माझ्या वहीत ही नोंद ‘देणगी जमा’ अशीच पडेल. शहराच्या नावापुढची ‘येणे बाकी’ जशीच्या तशी राहते. देणगीदार उद्या थांबला तर त्याला जाब विचारता येत नाही, नगरपालिकेला येतो.

तुमच्या कराडच्या वरच्या अंगाला कोयनेचे धरणग्रस्त आहेत. त्यांना मोर्चाला जाण्यासाठी कुणी टेम्पोचं भाडं दिलं, तर ते तुम्ही मोबदल्यात धराल का?

प्रश्न : मी नागपूरला एम.ए. करते. अशा एखाद्या मोहिमेला इथून थोडे पैसे पाठवता येतील का? नियमात बसतं का?

उत्तर : बसतं गं. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत निवासी भारतीयाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात, त्यात देणगीही येते. देणगीवरची करसवलत मात्र विसर, ती इथल्या नोंदणीकृत संस्थांपुरती. हजार-दोन हजार पाठवणार असशील तर बँकेचं शुल्कच त्यातला मोठा घास घेईल, म्हणून मैत्रिणींचे गोळा करून एकदाच पाठव. बँकेच्या अर्जावर कारणाचा कोड भरावाच लागतो, तो भर. संस्थेच्या फॉर्मवरही ‘कशासाठी’ असा एक रकाना असतो. तो कोरा ठेव. बसचं भाडं त्यातूनच निघतं.